क्लबने प्रशिक्षकाला मध्येच निरोप दिला तर

दिवाळी तोंडावर आली होती. कल्याणच्या कोर्टातून मी घरी परतलो, तो ओट्यावर ओळखीच्यांचा एक मुलगा बसलेला. डोंबिवलीच्या एका क्लबात तो पोरांना फुटबॉल शिकवीत असे. "वकीलकाका, सोमवारपासून येऊ नका म्हणाले," एवढे बोलला आणि बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. संघ लागोपाठ चार सामने हरला होता. जून ते मार्च, दरमहा 15,000 रुपये असा ठराव होता. घरी आई, शिवाय धाकट्या बहिणीची फी भरायची. त्याचा प्रश्न एकच, "असे काढता येते का हो?"

मी म्हटले, काढता येते, पण फुकट काढता येत नाही.

यातला पहिला भाग पुष्कळांना पटत नाही. पण नोकरी म्हणजे माणसामाणसांतला विश्वासाचा व्यवहार. नको असलेल्या प्रशिक्षकाला मैदानात उभा कराच, असा हुकूम न्यायालय सहसा देत नाही. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचा रोख तोच आहे. गोव्याचेच पाहा ना. एफसी गोवा या क्लबाने सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला जानेवारी 2020 च्या अखेरीस निरोप दिला. संघ तेव्हा गुणतक्त्यात अव्वल होता, साखळीतले तीनच सामने उरले होते! क्लिफर्ड मिरांडा यांनी धुरा घेतली आणि गोव्याने साखळीचे अव्वल स्थान राखले. लोबेरा त्याच वर्षी मुंबई सिटीकडे आले, आणि 2020-21 च्या हंगामात त्या संघाने साखळी आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले. सांगायचे एवढेच, की खुर्ची कोणाला द्यायची हे क्लब ठरवतो. जिंकणाऱ्यालाही ती कायमची नसते.

आता दुसरा भाग, पैशांचा. आपला 1872 चा करार कायदा म्हणतो, ज्याने करार मोडला त्याने दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून द्यावे. सामने हरणे हा करारभंग आहे काय? फुटबॉलच्या जागतिक न्यायनिवाड्यांत याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच आले आहे. प्रशिक्षक मैदानावर आलाच नाही, पैसे खाल्ले, मुलांशी गैरवागणूक केली, तर गोष्ट वेगळी. पराभवाची हमी मात्र कोणी लिहून देत नाही, आणि दिलेली नसते.

आपल्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाक यांचे प्रकरण आठवत असेल. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांचा करार 2026 पर्यंत वाढवला. 11 जून 2024 ला दोह्यात कतारकडून भारत 2-1 हरला, विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडला, आणि सहा दिवसांनी महासंघाने त्यांना कमी केले. पण करार तर पुढल्या दोन वर्षांचा! त्यांनी उरलेल्या पैशांची मागणी केली, दावा लावण्याचा इशारा दिला. अखेर महासंघाला चार लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. करारावर सही करताना जो विचार करायचा, तो काढताना केला की असा महागात पडतो, बरे का.

उलट बाजूही आहे. केव्हिन कीगन यांनी 2008 साली इंग्लंडातील न्यूकॅसल क्लब सोडला, कारण त्यांना नको असलेला खेळाडू त्यांच्या माथी मारला होता. लवादाने 2009 मध्ये कौल त्यांच्या बाजूने दिला. मागणी कितीतरी मोठी होती. पण करारात भरपाईची मर्यादा लिहिलेली, म्हणून पदरात पडले वीस लाख पौंड. आपल्याकडेही करारात भरपाईचा आकडा लिहिला असेल, तर सामान्यतः त्याच्या आतच वाजवी रक्कम मिळते. आणि "एक महिन्याच्या नोटिशीने काढता येईल" असे कलम असेल, तर बहुधा त्या महिन्याच्या पगारावरच समाधान मानावे लागते.

श्रोत्यांत शिक्षक मंडळी असतील. तुमची गोष्ट निराळी आहे. खाजगी शाळेतल्या कायम शिक्षकाला 1977 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणाचे दार उघडे आहे. तिथे पुन्हा नेमणुकीचा हुकूमही मिळू शकतो, पण अपील तीस दिवसांत करावे लागते. हे वेगळे दार फार मोलाचे, कारण गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली सांगितले, की औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' या शब्दात शिक्षक बसत नाही. क्लबच्या प्रशिक्षकाला यांतले काहीच नाही. त्याने दिवाणी न्यायालयात पैसे मागायचे, तेही तीन वर्षांच्या आत.

आमच्या मुलाकडे स्टँपपेपर नव्हता. तोंडी करारही करारच असतो, फक्त सिद्ध करता आला पाहिजे. सेक्रेटरींचा मोबाइलवरचा निरोप होता, "जून ते मार्च, 15 हजार, नक्की." पासबुकात पाच महिन्यांच्या नोंदी होत्या. नोटिशीचे कलम नव्हते. उरलेले पाच महिने, म्हणजे 75,000. पण इथे लोक चुकतात. घरी बसून सगळे मागता येत नाही, दुसरे काम शोधावे लागते. जानेवारीत त्याला ठाण्याच्या एका शाळेत दरमहा 9,000 चे काम मिळाले. तीन महिन्यांचे 27,000 वजा जाता मागणी उरली 48,000 ची. ठाण्याचे काम त्याने उगाच नाकारले असते, तरी न्यायालयाने ते हिशेबात धरले असते.

मी नोटीस पाठवली. क्लबच्या मंडळींनी आधी "चार सामने हरला" असे उत्तर दिले. मग खजिनदार स्वतः घरी आले. ते बिचारे बँकेतून निवृत्त झालेले, आकडे पाहून गप्प बसले. 40,000 वर तडजोड झाली, दोन चेकांत.

ठाण्याच्या शाळेने त्याला दोन पानी पत्र दिले, ते तो सही करण्याआधी माझ्याकडे घेऊन आला. त्यात लिहिले होते की शाळेने त्याला महिनाभराची नोटीस द्यावी. त्याने शाळेला किती दिवसांची द्यावी, ती जागा कोरी होती. तिथे काय लिहायचे यावर आम्ही चहा संपेपर्यंत बोलत होतो.