सोलापूरचा हिवाळा आणि गावावर साचणारा धूर



मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत सूर्योदयापूर्वी भीमा-सीनेच्या काठच्या एखाद्या गावाबाहेर उभे राहून गावाकडे पाहावे. चुलींचा व पेटविलेल्या पाचटाचा धूर काही अंतर सरळ वर जातो, झाडांच्या शेंड्यांपलीकडे गेला की अडतो आणि आडवा पसरतो. जणू तेथे अदृश्य छत घातले आहे. नऊ-दहाच्या सुमारास ऊन तापले की तो पट्टा विरतो. हवेचे शास्त्र शिकविण्यास याहून चांगला फळा कोणत्याही शाळेस मिळणार नाही.

या छताचे कारण सोपे आहे. एरवी जमिनीजवळची हवा उष्ण व वरची थंड असते. उष्ण हवा हलकी म्हणून वर चढते आणि धूळधूर आपल्याबरोबर नेते. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री मात्र जमीन आपली उष्णता आकाशात टाकून देते. तिला लागून असलेली हवा गार व जड होते आणि वरचा थर तुलनेने उबदार राहतो. अशा उलट्या थरांमुळे खालच्या हवेला वर जाण्याचे कारणच उरत नाही. उन्हाळ्यात जो धूर हजार-दोन हजार मीटर उंचीपर्यंत मिसळून पातळ होतो, तोच येथे थोड्याशा उंचीत कोंडला जातो. चुली तितक्याच, मोटारी तितक्याच. परंतु प्रत्येक श्वासात जाणारा धूर अधिक.

त्यातच आपल्या जिल्ह्यात ऊसगाळपाचा हंगाम याच महिन्यांत येतो. तोडणीनंतर पाचट पेटविण्याचा प्रघात अद्याप पुरता गेलेला नाही. वस्तुतः पाचट कुजविले तर जमिनीस सेंद्रिय खत मिळते व ओल टिकते. अवर्षणाच्या या मुलखात ओल जाळून टाकणे ही उधळपट्टीच होय. केंद्र सरकारने २०१९ साली आरंभिलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सोलापूर शहराचाही समावेश आहे. अडीच मायक्रॉनांहून बारीक कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे असून ते फुप्फुसाच्या तळाशी जातात. भारतीय मानकानुसार त्यांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ वर आणली. शहरात मोजणीची यंत्रे तरी आहेत. खेड्यात बहुधा मुलाचा खोकला हेच माप.

आता बदलत्या हवामानाकडे वळू. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचे तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. म्हणून थंडी नाहीशी होते असे नव्हे. तिची नेहमीची घडी विस्कटते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात याचा एक विलक्षण नमुना दिसला. प्रशांत महासागरातील 'ला निना' ही स्थिती लागोपाठ तिसऱ्या हिवाळ्यात टिकून होती. डॉ. गुफरान बेग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्या वर्षी दिल्लीकडील हवा काहीशी सुधारली आणि मुंबईसह द्वीपकल्पातील शहरांची बिघडली. उत्तरेकडील वाऱ्यांनी प्रदूषण खाली लोटले. दक्षिणेत मात्र जमिनीलगतचे वारे मंद राहिल्याने ते तेथेच साचले. एका हिवाळ्यावरून कायमचा नियम बांधता येत नाही, हे खरे. पण दूरच्या समुद्राचा आपल्या अंगणातील हवेशी संबंध पोहोचतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

धुराचा उलटा परिणामही ध्यानात घ्यावा. काजळीचे कण वरच्या थरात ऊन शोषून तो तापवितात आणि खालच्या जमिनीचे ऊन अडवितात. त्यामुळे छत अधिकच घट्ट होते.

शेतकऱ्याच्या पोराला हे सारे ज्वारीच्या ताटातून चटकन समजेल. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी भाद्रपद-आश्विनात पेरली जाते आणि जमिनीत साठलेल्या ओलीवर व थंड रात्रींवर दाणा भरते. रात्री उबदार झाल्या, ऊन लवकर तापले, की ओल आधीच आटते व कणीस हलके राहते. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या दृष्टीने देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. याउलट २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभी ज्वारी, द्राक्षे व डाळिंबे झोडपली.

शाळेपुरते पाहता पहिला प्रश्न शनिवारच्या सकाळच्या कवायतीचा आहे. धावताना मूल कितीतरी अधिक हवा छातीत घेते आणि नेमकी ती वेळ धूर कोंडलेला असण्याची. थंडीच्या दोन महिन्यांत प्रथम वर्गपाठ व ऊन वर आल्यावर कवायत, असा क्रम ठेवण्यास खर्च काहीच नाही. पटांगणातला पालापाचोळा सकाळी पेटविण्याऐवजी खड्ड्यात टाकावा.

दुसरे, दोन साधे तापमापक घ्यावेत. एक पटांगणात जमिनीपासून हातभर उंचीवर, दुसरा गच्चीवर काठीला बांधावा. गच्चीच्या काँक्रीटला तो टेकू देऊ नये, कारण ते दिवसाची ऊब धरून ठेवते. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत सूर्योदयापूर्वी, शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी पाळीपाळीने दोन्ही आकडे तक्त्यावर लिहावेत आणि शेजारी धूर सरळ गेला की आडवा पसरला, ते नोंदवावे. निरभ्र पहाटे खालचा आकडा बहुधा कमी भरेल. ढगाळ वा वाऱ्याच्या दिवशी फरक दिसणार नाही. तोही तसाच लिहावा, मुलांनी अंदाजाने भरू नये.