सेवेआधीं शिष्यत्व

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गेल्या वर्षांचा हिशेब मांडावा, पूर्वजांचे उपकार स्मरावे आणि पुढील वाटचालीचा विचार करावा, असा आपला परिपाठ आहे. ह्या हिशेबांत गोरगरिबांसाठीं आपण काय केलें, हा प्रश्न ओघानेंच येतो. धान्याची मदत, आजाऱ्यांची विचारपूस, मुलांच्या शिक्षणाला हातभार, हीं कामें आपल्या वडिलांनीं केलीं आणि आपणही करीत आहों. आतां तर आपले कित्येक तरुण-तरुणी समाजकार्याचें रीतसर शिक्षण घेऊं लागले आहेत. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न आपणांपुढें ठेवूं इच्छितों. दुसऱ्याचें भलें करूं पाहणाऱ्यानें स्वतः आधीं काय शिकलें पाहिजे? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आम्ही आपणांस दूर कॅनडा देशांत नेणार आहों. तेथें हा धडा फार मोठें मोल देऊन शिकावा लागला, आणि त्या कथेंत आपल्या ख्रिस्तसभेचाही वांटा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कॅनडाच्या सरकारनें तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं वसतिशाळांची योजना चालविली. सरकारनें पैसा पुरवावा आणि ख्रिस्ती संस्थांनीं व्यवस्था पहावी, अशी ती योजना होती. दीड लाखांहून अधिक मुलें ह्या शाळांतून गेलीं, आणि निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांच्या हातीं होत्या. मुलांना आईबापांपासून दूर न्यावयाचें, त्यांच्या भाषेला बंदी करावयाची आणि त्यांना नव्या सांच्यांत ओतावयाचें, हा तिचा गाभा होता. उपासमार, क्षय, मारहाण आणि त्याहूनही लज्जास्पद अत्याचार मुलांच्या वांट्यास आले. कित्येक मुलें घरीं परतलींच नाहींत. सत्य व समेट आयोगानें २०१५ सालच्या आपल्या अंतिम अहवालांत ह्या प्रकारास सांस्कृतिक वंशसंहार असें म्हटलें.

पुढें शाळा हळूहळू बंद होऊं लागल्या, पण मुलें घरांतून जाण्याचें थांबलें नाहीं. १९५१ सालीं इंडियन कायद्यांत दुरुस्ती झाली आणि प्रांतिक बालकल्याण खात्यांना मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत प्रवेश मिळाला. खात्याचा माणूस घरांत येई. दाटीनें राहणारी भावंडें, मुलांना वाढविणारी आजी आणि चुलीवरचें शिकारीचें मांस तो पाही, आणि मुलांची आबाळ होते असा शेरा लिही. मुलाला आजीनें वाढवावें ही त्या समाजाची रीत होती. ह्या माणसाच्या पुस्तकांत मात्र ती उणीव ठरली. आपल्यांतील किती जण आजीच्या मांडीवर वाढले, ह्याचा क्षणभर विचार करावा. अशा रीतीनें हजारों मुलें परक्या घरीं दत्तक गेलीं. सॅस्कॅचेवान प्रांतानें तर १९६७ सालीं अशा मुलांना दत्तक घ्या म्हणून वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. त्याच प्रांताच्या पंतप्रधानांनीं २०१९ सालीं ह्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

बंधुभगिनींनो, हीं मुलें नेणारीं माणसें सारीच दुष्ट नव्हतीं. त्यांतील पुष्कळ सद्‌हेतूनें वागत होतीं, आणि कित्येकांनीं समाजकार्याचें शिक्षणही घेतलें होतें. उणें होतें तें त्या शिक्षणांत. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्यापासून कांहीं शिकावयाचें असतें, हें त्यांना कोणी शिकविलेंच नव्हतें.

ही उणीव भरून काढण्याचा उद्योग त्याच सॅस्कॅचेवान प्रांतांत झाला, ही विशेष गोष्ट आहे. तेथील फर्स्ट नेशन्सच्या महासंघानें १९७६ सालीं रेजायना विद्यापीठाशीं करार करून आपलें स्वतःचें महाविद्यालय काढलें. २००३ सालीं त्यास फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅनडा हें नांव मिळालें. रेजायना, सॅस्काटून आणि प्रिन्स अल्बर्ट ह्या तीन ठिकाणीं त्याचें कार्य चालतें, आणि समाजकार्य हा त्याच्या प्रमुख विषयांपैकीं एक आहे. रेजायनाची इमारत डग्लस कार्डिनल ह्या मूळ रहिवासी वंशाच्या स्थापत्यविशारदांनीं रचली. तिच्या भिंती वळणदार असून तींत एक मोठा कांचेचा तंबू उभा आहे. आपल्या घरीं आल्यासारखें विद्यार्थ्यास वाटावें, असा त्या वास्तूचा भाव आहे.

येथील पहिला धडा असा कीं, मूळ रहिवासी हा शब्द एक असला तरी माणसें एका प्रकारचीं नाहींत. एकट्या त्या प्रांतांत क्री, सोल्टो, डेने, डकोटा, नकोटा, लकोटा अशा निरनिराळ्या भाषा आहेत. शिवाय ह्या विद्यापीठाचीं दारें इतर सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांनाही उघडीं आहेत. म्हणून शेजारीं बसलेल्या सोबत्याची रीतही विचारूनच समजून घ्यावी लागते.

दुसरा धडा ज्ञानवृद्धांचा. समाजांतील अनुभवी वृद्ध स्त्री-पुरुषांस तेथें गुरूचा मान आहे. विद्यार्थी कायदा शिकतो, मानसशास्त्र शिकतो, कुटुंबाशीं कसें बोलावें हें शिकतो. परंतु त्याबरोबर वसतिशाळांचा इतिहास, जुने करार, लोकांचे विधि आणि भाषा ह्यांचाही परिचय करून घेतो. ह्या लोकांत वर्तुळांत बसून बोलण्याची एक जुनी चाल आहे. हातीं पीस किंवा दगड असेल त्यानेंच बोलावें आणि इतरांनीं ऐकावें. घाईनें सल्ला देणाऱ्यास ह्याहून चांगलें औषध नाहीं. क्री भाषेंत वाहकोहतोविन असा एक शब्द आहे. माणसांचीं एकमेकांशीं आणि सर्व सृष्टीशीं असलेलीं नातीं, व त्या नात्यांचें कर्तव्य, असा त्याचा आशय आहे. ही दृष्टि लाभली म्हणजे आजी उणीव ठरत नाहीं. मुलाला सांवरणारा पहिला आधार तीच असते, हें कळतें.

कोणी म्हणेल, हें सारें सौजन्याचें झालें, पण त्यानें पोट भरतें काय? ह्या शंकेस मॅनिटोबा प्रांतांतील एका बालकाची हकीकत उत्तर देईल. जॉर्डन रिव्हर अँडरसन हा नॉर्वे हाउस येथील क्री बालक १९९९ सालीं गंभीर आजार घेऊन जन्मला. दोन वर्षांचा झाल्यावर त्यास रुग्णालयाबाहेर ठेवण्यास डॉक्टरांची हरकत नव्हती. परंतु घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्र सरकारनें द्यावा कीं प्रांतानें, हा वाद मिटेना. २००५ सालीं, पांच वर्षांचा असतां, तो रुग्णालयांतच वारला. आपल्या घरांत तो एक दिवसही राहिला नाहीं. आधीं मुलाला मदत मिळावी आणि पैशाचा वाद मागाहून व्हावा, हें तत्त्व कॅनडाच्या लोकसभेनें २००७ सालीं एकमतानें मान्य केलें. त्यास जॉर्डनचेंच नांव आहे. गिट्क्सान वंशाच्या समाजकार्यकर्त्या सिंडी ब्लॅकस्टॉक ह्यांच्या संस्थेनें त्याच वर्षीं सरकारविरुद्ध दाद मागितली, आणि २०१६ सालीं मानवी हक्कांच्या न्यायाधिकरणानें ह्या मुलांबाबत भेदभाव होतो असा निर्णय दिला. आपल्या माणसांचें दुःख आंतून जाणणारा कार्यकर्ता भिक्षा वांटून थांबत नाहीं. तो न्यायाच्या दारापर्यंत जातो.

तथापि सारें सुरळीत झालें असें आम्ही म्हणत नाहीं. कॅनडाच्या २०२१ सालच्या शिरगणतींत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूळ रहिवाशांचीं मुलें ७.७ टक्के होतीं, परंतु सरकारनें परक्या घरीं सांभाळण्यास ठेवलेल्या मुलांत तीं ५३.८ टक्के होतीं. एका पिढीचा घाव एका पदवीनें भरून येत नाहीं. तरी वाट बदलली आहे. त्याच वर्षीं सॅस्कॅचेवानच्या कावेसेस समाजानें दोन्ही सरकारांशीं करार करून आपल्या मुलांच्या संगोपनाचा अधिकार आपल्या हातीं घेतला. त्या कामास शिकलेलीं माणसें लागतात, आणि म्हणूनच अशा विद्यापीठाचें महत्त्व आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. सत्य व समेट आयोगाच्या ९४ सूचनांपैकीं पहिलीच बालकल्याणाविषयीं आहे. समाजकार्यकर्त्यांस वसतिशाळांचा इतिहास नीट शिकवावा, असें तींत सांगितलें आहे. समाजकार्य शिकविणाऱ्या कॅनडांतील संस्थांच्या संघटनेनें २०१७ सालीं आपला दोष मान्य केला. आणि जुलै २०२२ मध्यें पोप फ्रान्सिस वृद्धापकाळीं चाकांच्या खुर्चींतून मॅस्कवाचीस येथें गेले व त्या लोकांच्या भूमीवर त्यांनीं क्षमा याचिली. ख्रिस्तसभेचा हा नम्रपणा आपणांसही कांहीं सांगतो.

आपल्याकडे समाजकार्याचें शिक्षण नवें नाहीं. मुंबईंत १९३६ सालीं टाटांच्या देणगींतून तें सुरू झालें, आणि १९५५ सालीं कॅथलिक भगिनींनीं निर्मला निकेतन महाविद्यालय काढलें. अशा संस्थांतून शिकून आमचे तरुण वारली वा कातकरी पाड्यांवर जातील तेव्हां त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं वही उघडण्यापूर्वीं ओटीवर बसा. त्यांची बोली शिका. म्हाताऱ्यांना विचारा. जें तुम्हांला उणें दिसतें तें त्यांचें धन तर नाहीं ना, हें पारखून पहा. आणि जे आपण पाड्यांवर जाणार नाहीं, त्यांनींही मदतीचें धान्य देतांना समोरच्यास क्षणभर बोलूं द्यावें.

प्रभु येशूनें रस्त्याकडेच्या आंधळ्याला बरें करण्यापूर्वीं, तुझी काय इच्छा आहे, असें विचारलें. ज्याला सर्व ठाऊक होतें त्यानेंही आधीं विचारलें. मग आपण विचारण्यास कां कचरावें?

परमेश्वर आपल्या धर्मग्रामास असे नम्र सेवक देवो, हीच ह्या महोत्सवी दिनीं आमची प्रार्थना.