वैशाख वणवा आणि आपण
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संयोजकांनी मला ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीवर बोलण्याची सूचना केली होती. तो विषय माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी येथे उत्तम रीतीने मांडला आहे. मी वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर. उभा जन्म कापडाच्या गादीवर बसून तागे उलगडण्यात आणि पुन्हा गुंडाळण्यात गेला. म्हणून मी जालन्याच्या उन्हाळ्यावर बोलण्याची परवानगी मागितली. तेव्हा एक विश्वस्त हसून म्हणाले, "काकाजी, उन्हाळ्यावर काय बोलायचे? तो तर दरवर्षी येतो." दरवर्षी येतो, हे खरे, आणि म्हणूनच आपण त्याचा हिशेब कधी मांडत नाही.

आपले शहर साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे १९-२० मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या थोडे आधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायथ्याशी नाहीशी होते. खाली काळी माती आणि काळा पाषाण, वर निरभ्र आकाश, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पारा ४० अंशांच्या पुढे जाणे ही आपल्याकडे बातमी नाही. मात्र वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा सावलीतला असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. भर उन्हात सदर बाजारातल्या डांबरावर हातगाडी ओढणाऱ्याच्या वाट्याला येणारा उन्हाळा त्या पेटीतल्या उन्हाळ्याहून निराळा असतो.

आमच्या लहानपणी कादराबादेतील आणि जुन्या जालन्यातील कितीतरी घरे माळवदाची होती. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर आणि त्यावर पांढरी माती. भिंती हात-दीड हात रुंद. दुपारचे ऊन त्या मातीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होई आणि तोवर आम्ही पाणी शिंपडून माळवदावर अंथरुणे टाकलेली असत. पावसाळ्यात ती गळत, दरवर्षी नवी माती घालावी लागे, हेही विसरता येत नाही. पुढे ऐपत आली आणि आम्ही स्लॅब टाकला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडतो. दिवसाच्या उन्हाने थकलेल्या देहाला विसावा रात्रीच मिळायचा. तीच रात्र आता तापलेली असते. ज्यांना ऐपत आली नाही त्यांच्या डोक्यावर पत्रा आला, आणि त्यांचे हाल तर दुप्पट.

आपल्याकडे हवा कोरडी असल्यामुळे माठ, रांजण, वाळ्याचा पडदा आणि अलीकडचा कूलर हे सारे छान काम करतात. पण या प्रत्येकाला पाणी लागते. निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव २०१२-१३च्या दुष्काळात आटला, तेव्हाचे टँकर आणि रात्री-अपरात्री लागलेल्या घागरींच्या रांगा येथे बसलेल्या कोणत्याही गृहिणीला आठवत असतील. त्या तलावातील गाळ काढण्यासाठी शहरातील नागरिकांनी आणि उद्योजकांनी पुढाकार घेतला, शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या शेतात नेला, हे या शहराचे मोठेपण. तथापि ज्या घरात प्यायला पाणी पुरत नाही त्या घराला कूलरचा सल्ला देणे ही थट्टा ठरते.

आता माझ्या धंद्याविषयी थोडे बोलतो. ते मला अधिक कळते. माणसाचे शरीर घामाने थंड होते. घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे उन्हात कापडाचे काम ऊन अडवणे, घाम टिपणे आणि वारा आत येऊ देणे हे आहे. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा नाही. आमच्या वडिलांच्या काळी दुकानात मांजरपाट, मलमल, वायल, पंचे, उपरणी आणि धोतरजोड्या यांच्या थप्प्या असत. पुढे टेरीलिन आले, टेरीकॉट आले. इस्त्री नको, विटत नाही, फाटत नाही, स्वस्त. मी स्वतः गिऱ्हाइकांना ते मोठ्या उत्साहाने विकले, आणि खोटे कशाला सांगू, नफाही चांगला मिळाला. गरिबाला एक सदरा चार वर्षे टिकणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु मे महिन्यात ते कापड अंगाला चिकटते, हे मलाही ठाऊक होते. मी स्वतः उन्हाळ्यात मलमलीचाच सदरा घालीत असे.

मे महिना म्हणजे लग्नसराई. कापडवाल्याची कमाई याच दिवसांत. म्हणजे ज्या दिवसांत देहाला सर्वाधिक विश्रांती हवी त्याच दिवसांत आमच्या गाठी सर्वांत जास्त येतात आणि त्या वाहणाऱ्यांना श्वास घ्यायला उसंत नसते.

१९९५ सालची गोष्ट आहे. आजवर ही घरच्यांशिवाय कोणाजवळ बोललो नाही. आमच्या दुकानाचा माल हातगाडीने आणणारे एक वयस्क हमाल होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. मे महिन्यातील त्या दिवशी गाठी एकदम आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या लग्नाचा बस्ता होता. मामांनी सकाळपासून दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला दीड-दोन वाजता ते आले तेव्हा त्यांचा तोल जात होता. गाडी ओट्याला धडकली. काही विचारले तर उत्तर भलतेच, जीभ जड. दुकानात गिऱ्हाईक बसलेले. मी गादीवरूनच ओरडलो, "मामा, दिवसाढवळ्या हे काय करून आलात? बाहेर बसा जरा." ते काही न बोलता बाहेर जाऊन ओट्यावर बसले. ओट्यावर पत्रा होता. मी पाण्याचा तांब्याही पाठवला नाही. मला राग आला होता.

साडेतीनच्या सुमारास नोकर सांगत आला की मामा हलत नाहीत. अंगाला हात लावला तर तव्यासारखे तापलेले. सदऱ्याची बटणे काढली तेव्हा गळ्यात तुळशीची माळ दिसली. मामा माळकरी होते. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. अंगातला टेरीकॉटचा सदरा आम्हीच दिवाळीला दिलेला होता. दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी शर्थ केली, पण तिसऱ्या दिवशी मामा गेले. त्यांच्या घरी मी जे द्यायचे ते दिले. त्याचा उल्लेख मी मोठेपणासाठी करीत नाही. त्याने काही फिटले नाही.

डॉक्टरांनी मला तेव्हा जे सांगितले ते आपण सर्वांनी लक्षात ठेवावे, म्हणून इथे विस्ताराने सांगतो. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पहिला आघात मेंदूवर होतो. माणूस असंबद्ध बोलतो, लटपटतो, चिडतो. पाहणाऱ्याला तो नशेत वाटतो. उन्हात काम करणारा माणूस असा वागू लागला तर प्रथम उष्माघातच समजावे, चारित्र्याची चौकशी नंतर करावी. त्याला तात्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत वा काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि ओल्या अंगावर वारा घालावा. कोरड्या अंगावर पंख्याचा तापलेला वारा म्हणजे झळच. मान, काखा, जांघा येथे बर्फ किंवा ओल्या कापडाच्या घड्या ठेवाव्यात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. पूर्ण शुद्धीवर असलेल्या, केवळ थकलेल्या माणसाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट-घोट द्यावे. चमचा चहाचा.

आणखी एक. देहाला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये अचानक आलेली लाट अधिक घातक ठरते, आणि आपल्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद भट्ट्यांवर परप्रांतातून आलेला नवा कामगार जुन्याहून लवकर कोसळतो. पारा कमी आहे म्हणूनही निश्चिंत राहू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तेथे पारा ४० अंशांच्या आतच होता. पण किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही.

आपल्या समाजापुरते दोन शब्द बोलतो. तपाविषयी मी काही सांगावे एवढा माझा अधिकार नाही. परंतु मेच्या मध्यावर येथे सूर्यास्त सातच्या जरा आधी होतो. चौविहार करून सकाळी नवकारशी पाळणाऱ्याच्या पोटात सुमारे पावणेबारा तास पाण्याचा थेंब जात नाही. वर्षीतपाची सांगताही ऐन वैशाखात, अक्षय तृतीयेला येते. सूर्यास्ताच्या तोंडावर दोन तांबे पाणी घटाघटा पिण्याची आपली रीत आहे. ते पाणी देहात टिकत नाही. दिवसभरात थोडे थोडे घ्यावे. ज्येष्ठांना रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील तर तप सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि घरातल्यांनी त्यांना एकटे सोडू नये. आमच्या मातोश्री मात्र कोणाचेच ऐकत नसत, हेही प्रांजळपणे सांगतो.

आपल्यापैकी अनेक जण कापडाच्या खरेदीसाठी अहमदाबादला जातात. तेथे मे २०१०च्या लाटेत त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाले. त्या धक्क्यातून तेथील महानगरपालिकेने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला; दक्षिण आशियातील तो पहिला समजला जातो. आगाऊ इशारे, दवाखान्यांची पूर्वतयारी, कामाच्या वेळा बदलण्याचा आग्रह, आणि २०१७पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा चुना. यात न परवडणारे असे काहीच नाही. जालना आता महानगरपालिका झाली आहे. प्रशासन आपले काम करील, पण चुन्याच्या गोणीसाठी ठरावाची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही. उन्हाळ्याआधी पत्र्याच्या घरांवर चुना मारून देण्याचा खर्च एका मध्यम लग्नाच्या मंडपाएवढाही येणार नाही.

ट्रस्टची पाणपोई कित्येक वर्षे चालू आहे आणि तिचे पुण्य मोठे आहे. मात्र मी बाजारात बसून पाहिले आहे, हमाल पाणी पितो आणि लगेच गाडी उचलतो. त्याला बसायला सावली नाही आणि थांबायला परवानगी नाही. तहान भागते, देह निवत नाही. ही परवानगी देणारे तुम्ही-आम्ही व्यापारीच आहोत. आमच्या दुकानात मामांच्या पश्चात एप्रिल-मेमध्ये बारा ते चार गाठ उतरवायची नाही, असा नियम आहे. ट्रकवाले कुरकुर करतात, थांबण्याचे पैसे मागतात. ते द्यावे लागतात. एकट्या दुकानाने असा नियम केला तर हमालाची मजुरी बुडते आणि तो शेजारच्या दुकानाचा माल उचलायला जातो, हाही अनुभव मी घेतला. बाजारातील सर्वांनी मिळून केला तरच त्याला अर्थ आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपल्या भवनाचे तळमजल्यावरील सभागृह उन्हाळ्यात दुपारी रिकामेच असते. भिंती जाड आहेत, पंखे आहेत, मागचे दार बाजाराकडे उघडते. चैत्र ते ज्येष्ठ, दुपारी बारा ते चार, ते हमाल, रिक्षावाले, भाजीवाल्या बाया, कोणीही येऊन टेकेल असे उघडे ठेवावे. मागे हा विषय निघाला तेव्हा काही बंधूंनी शंका घेतली की लोक विड्या ओढतील, चपला घालून फिरतील, भवनाचे पावित्र्य राहणार नाही. शंका अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही. कोणीतरी जबाबदार माणूस तेथे बसला पाहिजे.

दुकान आता मुले सांभाळतात. दुपारी मी घरी झोपतोच. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे द्यावी. त्या चार तासांना मी तेथे बसेन. माठ आणि पंचे माझ्याकडून.

जय जिनेंद्र!