चित्रपटाचा आरंभ

दादासाहेब फाळके ज्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, त्याच शहरातील आमच्या नववीच्या मुलांनी यंदा एक लहानसा चित्रपट करावयास घेतला आहे. विषय त्यांनीच निवडला : मध्येच शाळा सोडून चहाच्या दुकानात कामाला लागलेला वर्गमित्र. संकलन मलाही येत नव्हते, मुलांबरोबरच शिकलो.

आरंभासाठी इमारत, फाटक, घंटा, प्रार्थना असे सारे त्यांनी टिपून आणले. संगणकावर जोडले, तो दोन मिनिटे सरली तरी त्या मुलाचा पत्ताच नाही! तेव्हा मी त्यांना कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग सांगितला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या बशीशेजारी जोडला की प्रेक्षकांना भूक दिसे; शवपेटीशेजारी जोडला की शोक.

मग प्रत्येक शॉट एकेका कार्डावर लिहून कार्डे मेजावर मांडली. हजेरी. सतरा क्रमांक. उत्तर नाही. रिकामा बाक. नंतर कपबश्या विसळणारे हात. एका मुलीने हात आधी ठेवून पाहिले; तो कुणी परका कामकरी पोऱ्या वाटला. बाक आधी ठेवला, तेव्हा तो आमच्या वर्गातला झाला.

“सर, हे तो पाहील तेव्हा?” एकाने विचारले. मी गप्प राहिलो. शेवटी चेहरा दाखवावयाचाच नाही, असे ठरले, हातही दुसऱ्याचे.

आता वाद उरला आहे तो हजेरीनंतरच्या शांततेचा. सेकंदाला २४ चौकटी. कुणाला ४८ पुरेशा वाटतात, कुणाला ९६.