ठणका आणि त्याचा उतारा

आज आम्ही अभंगावर निरूपण करायला उभे नाही. आज पायावर बोलायचं आहे. दिवे घाट चढून सासवडच्या तळावर पोचलं की प्रत्येक राहुटीत एकच कारभार. कोणी तेल चोळतंय, कोणी कोमट पाण्यात पाय सोडून बसलंय, तर कोणी विचारतंय, "माऊली, दुखायची गोळी हाय का?" आम्ही चौथी शिकलेलो, डॉक्टर नव्हे. पण सेवेला येणाऱ्या डॉक्टरसाहेबांजवळ बसून जे समजून घेतलं, ते आपल्या बोलीत सांगतो.

पाय मुरगळला की घोटा लाल होतो, गरम होतो, सुजतो आणि ठणकतो. आपल्याला वाटतं, ही सूज म्हणजे वैरी. पण मार बसला की त्या जागी शरीरच काही द्रव्यं सोडतं. त्यातलं एक प्रोस्टाग्लँडिन. त्यानं रक्ताच्या बारीक वाहिन्या रुंदावतात, नसांची टोकं हळवी होतात आणि साधा हात लागला तरी जीव कळवळतो. त्याच वाटेनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात. जंतू मारायचे, मेलेलं मांस साफ करायचं, हे त्यांचं काम. गावात आग लागल्यावर विझवणाऱ्यांचीच गर्दी आणि आरडाओरडा होतो, तशी ही सूज.

आता नवलाची गोष्ट ऐका. ठणका वाढवायला ज्या पेशी हातभार लावतात, त्याच पेशी ठणक्याचा उतारासुद्धा घेऊन येतात.

अफूपासून मॉर्फिन होतं, ते भारी वेदनेवर देतात, हे आपण ऐकलंय. 1975 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथं जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी दाखवलं, की अफूसारखं काम करणारं द्रव्य मेंदू स्वतःच तयार करतो. तसल्याच दुसऱ्या एका द्रव्याला एंडॉर्फिन म्हणतात. पुढं जर्मनीत ख्रिस्टोफ श्टाइन आणि त्यांच्या सोबत्यांनी 1990 च्या सुमाराला दाखवलं, की सुजलेल्या जागी आलेल्या पांढऱ्या पेशींतही हे एंडॉर्फिन असतं. पेशी ते तिथंच सोडतात. नसांच्या टोकांवर त्याची जणू कुलपं असतात. किल्ली बसली की नस शांत होते, मेंदूकडं जाणारी ओरड कमी होते. सूज आली की नसा आणखी कुलपं त्या जागी पाठवतात. पाटाचं पाणी ज्या वाफ्याला हवं त्याच वाफ्याचं दारं धरावं, तसा हा प्रकार.

हे माणसातही पाहिलं गेलं. गुडघ्यात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया झालेल्या काही रोग्यांच्या सांध्यात नॅलोक्सोन नावाचं औषध सोडलं. हे औषध त्या कुलपांत बोळा कोंबतं. तर त्या रोग्यांचं दुखणं वाढलं. म्हणजे तोवर शरीराचा आपला उतारा गुपचूप काम करत होता.

मग कोणी म्हणेल, "बुवा, असं हाय तर पाय दुखतोच कसा?" मायबापहो, हा उतारा दुखणं कमी करतो, नाहीसं करत नाही. दुखणं म्हणजे राखणदार आहे. "थांब, इथं भार देऊ नको," असं तो सांगतो. सुजलेल्या पायावर रोज पुन्हा मार दिला, तर दुरुस्ती करणाऱ्या पेशींनी तरी किती पुरं पडायचं?

आणि इथंच आमचं खरं सांगणं आहे. वाटेत कोणीही सुई टोचून देतो आणि ठणका जादूसारखा जातो. त्या सुईत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. ते सूज उतरवतं, पण पांढऱ्या पेशींचा जोरही मारतं आणि साखर वाढवतं. आमच्याबरोबर चालणाऱ्या एका म्हाताऱ्या माऊलीला साखरेचा आजार होता. नसा बधिर, त्यात कुठून तरी सुई घेतलेली. खडा रुतला तो कळलाच नाही. दुखलं नाही म्हणून चालत राहिले. शेवटी अंगठा काढावा लागला. त्यांचा राखणदारच झोपला होता हो!

दुखण्याची गोळी वाईट नाही, प्रोस्टाग्लँडिन कमी करून ती आराम देते. पण उपाशीपोटी घेतली तर पोटात जखम करू शकते आणि उन्हात पाणी न पिता घेत राहिलं तर मूत्रपिंडाला धोका. म्हणून डॉक्टरांना विचारून, खाऊन आणि पाणी पिऊन घ्यावी.

पाय मुरगळला तर उंच ठेवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, एक मजल गाडीत बसा. गाडीत बसल्यानं वारी मोडत नाही. फोड स्वच्छ ठेवा, उगाच फोडू नका. साखरवाल्यांनी रोज रात्री दुसऱ्याकडून तळवे बघून घ्यावेत. ताप आला, लाली वर चढली, पू झाला, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टर गाठा.

पांढऱ्या पेशी न बोलावता येतात आणि आपलं काम करतात. त्यांना विसावा द्यायचं काम तेवढं आपलं. रामकृष्ण हरी!