माशीच्या डोळ्यातलं कॅल्शियम



अध्यक्षाने आपल्या भाषणात विज्ञानाच्या सगळ्या शाखांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तेवढा माझा आवाका नाही. आणि खरं सांगायचं तर असे आढावे ऐकताना मलाही डुलकी लागते. म्हणून आज एकाच पेशीबद्दल बोलतो. ही पेशी फळमाशीच्या डोळ्यातली, प्रकाश टिपणारी. आंब्यापेरूत अंडी घालून बागायतदाराला रडवणारी फळमाशी वेगळी. ही ड्रोसोफिला, पिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी, तांबड्या डोळ्यांची.

तिच्या एका डोळ्यात सुमारे साडेसातशे नेत्रिका असतात, प्रत्येकीत 8 प्रकाशग्राही पेशी आणि त्यांतल्या मोठ्या पेशीत सुमारे 30,000 सूक्ष्मांकुर, म्हणजे पेशीपटलाचे नळीसारखे बारीक फाटे. एका सूक्ष्मांकुराचा व्यास जेमतेम 60 नॅनोमीटर, लांबी दीड मायक्रोमीटरच्या आसपास. फोटॉन आदळला की तिथलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं प्रथिन जागं होतं, जी-प्रथिनामार्फत फॉस्फोलायपेज-सी हे विकर कामाला लागतं आणि पटलातला पीआयपी-2 नावाचा मेद तोडू लागतं. त्यापाठोपाठ टीआरपी आणि टीआरपीएल हे आयनमार्ग उघडतात. ते नेमके कशाने उघडतात, यावर अजून वाद चालू आहेत. उघडल्यावर आत काय घुसतं, यावर मात्र नाही. मुख्यतः कॅल्शियम.

इथे थोडी आकडेमोड करू. अंधारात पेशीतल्या मुक्त कॅल्शियमची संहती सुमारे 160 नॅनोमोलर असते. सूक्ष्मांकुराच्या घनफळाने गुणून पाहा: सरासरी अर्धा आयनसुद्धा वाट्याला येत नाही! मार्ग उघडले की क्षणभर संहती एक मिलिमोलरच्या जवळपास जाते, म्हणजे आयन एकदम हजारांच्या घरात. हे सगळं काही मिलिसेकंदांत.

आलेलं कॅल्शियम आधी उरलेले मार्ग भराभर उघडायला मदत करतं आणि लगेच तेच मार्ग बंद पाडतं. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ तो सूक्ष्मांकुर पुढच्या फोटॉनला दाद देत नाही. मग कॅलएक्स हे प्रथिन तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर काढतं. पेशीभोवतीच्या द्रवातून कॅल्शियम काढून टाकलं, तर प्रतिसाद येतो, पण कितीतरी पटींनी रेंगाळतो.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट एका सदोष माशीमुळे कळली. 1969 साली एडिंबराच्या कोझेन्स आणि मॅनिंग यांनी एक उत्परिवर्ती माशी नोंदवली. मंद प्रकाशात ती ठीक. प्रखर प्रकाश चालू ठेवला की तिच्या डोळ्याचा विद्युत-प्रतिसाद उसळतो आणि प्रकाश असतानाच विरून जातो. जणू आंधळी. टीआरपी हे नाव या क्षणिक प्रतिसादावरूनच पडलं. 1992 मध्ये हार्डी आणि मिंके यांनी दाखवलं की प्रकाशाने उघडणाऱ्या कॅल्शियमच्या मार्गाला या माशीत बिघडलेलं टीआरपी जनुकच लागतं. मग प्रतिसाद विरतो का? 2001 मध्ये हार्डींच्या गटाने उत्तर दिलं: कॅल्शियम फॉस्फोलायपेज-सीला आवरतं. ते आत आलं नाही, तर विकर मोकाट सुटून सगळा पीआयपी-2 फस्त करतं आणि पेशीजवळ पुढच्या प्रकाशासाठी काहीच उरत नाही. आवर घालणारं कॅल्शियम नसेल, तर दृष्टी तीव्र होत नाही, जाते. पाठ्यपुस्तकात आपण या आवर घालण्याला 'प्रतिसाद थांबवणं' म्हणून मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं.

या माशीचं आपल्याशीही नातं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकींनी ड्रोसोफिलाच्या मज्जासंस्थेवर काम उभं केलं. पुढे त्यांनीच बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारलं. याच पीआयपी-2चा हिशेब पेशी कसा राखते, यावर आज रघू पडिंजात यांचा गट तिथे काम करतो. आणि मिरचीचा ठेचा खाताना जीभ पेटते, तीही टीआरपी कुटुंबातल्याच एका मार्गामुळे. त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं.

सभागृहातल्या शिक्षकांना एक विनंती. कॅल्शियम शिकवताना हाडं-दात झाले की मघाची आकडेमोड मुलांकडून फळ्यावर करून घ्या. दंडगोलाचं घनफळ आणि ॲव्होगाड्रोचा अंक अकरावीला येतातच. उत्तर एकाहून कमी आलं की मुलं गणित चुकलं म्हणतील. ते खोडू देऊ नका.