कुंभक आणि कच्चं मडकं

(सिद्धेश्वर येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



इकडे येताना औंढ्याला थोडा वेळ थांबलो होतो. रस्त्याच्या कडेला एक आजी माठ घेत होत्या. त्यांनी एक माठ उचलला, कानाशी धरला आणि बोटाच्या पेरानं वाजवला. आवाज बद्द आला, तसा खाली ठेवला. दुसरा वाजवला, तोही ठेवला. तिसरा खणकन वाजला. मग त्याच्या काठावरून तळहात फिरवला आणि पैशाचं बोलणं सुरू झालं. मी पाहतच राहिलो, कारण आजच्या विषयाचं नावच मडक्यावरून आलेलं आहे. कुंभ म्हणजे घडा. श्वास आत घेणं हा पूरक, सोडणं हा रेचक आणि भरल्या घड्यासारखं निश्चल राहणं हा कुंभक.

हठयोगाच्या ग्रंथांनी हा घडा पुढे नेला. घेरंडसंहितेत शरीरालाच घट म्हटलं आहे. कच्चा घडा पाण्यात ठेवला की विरतो, म्हणून तो योगाच्या आगीत भाजून घ्यायचा, असं तिथे सांगितलं आहे. हे ऐकताच तुमच्या मनात कोण आलं असेल, ते मला ठाऊक आहे. नामदेवांची नर्सी इथून दूर नाही. कुंभार असलेल्या संत गोरोबाकाकांनी थापटणं हातात घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले, आणि हे मडकं कच्चं आहे असा निकाल मिळाला. त्यानंतर नामदेव आले ते इथे जवळच, औंढ्या नागनाथाला, गुरू विसोबा खेचरांकडे.

विसोबांची जुनी गोष्टही मडक्याचीच. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर हवं होतं आणि कुंभारांनी ते देऊ नये म्हणून विसोबांनी त्यांना अडवलं. मग ज्ञानदेवांनी योगबळानं जठराग्नी चेतवला आणि तापलेल्या पाठीवर मांडे भाजले गेले, अशी कथा आहे. ते पाहून विसोबा शरण गेले. खेचर हे नाव तेव्हाच पडलं असं काही जण सांगतात. काहींच्या मते खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा सिद्ध. ही दोन्ही सांगणी आपल्या भागात शेजारी शेजारी नांदतात, आणि मला ते आवडतं.

मला आज एवढंच सांगायचं आहे की कुंभकात तुम्ही किती वेळ थांबता, हे मोजण्याच्या आधी घडा वाजवून पाहा.

पतंजलींनीही क्रम तोच ठेवला. आधी आसन स्थिर होऊ दे, मग श्वास-प्रश्वासाची गती थांबवणं म्हणजे प्राणायाम. स्वात्माराम हा पंधराव्या शतकातला हठप्रदीपिकेचा कर्ता. त्यानं सूर्यभेदनापासून प्लाविनीपर्यंत आठ कुंभक दिले, पण त्याआधी बजावलं की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. अंतिम ध्येय म्हणून त्यानं केवल कुंभक सांगितला, जिथे पूरक-रेचकाचा आधार न घेता श्वास थांबतो. कोंडलेला श्वास आणि थांबलेला श्वास यांत फरक आहे.

तो फरक मी चुकून शिकलो. बाविसाव्या वर्षी पुस्तकात एकास चार, चारास दोन हे प्रमाण वाचलं: चार मात्रा आत, सोळा मात्रा कोंडायचं, आठ मात्रांत सोडायचं. गुरू नव्हता, घाई होती. महिनाभरात सोळाच्या बत्तीस मात्रा केल्या. कान वाजायचे, डोळ्यांपुढे काजवे यायचे, दिवसभर चिडचिड व्हायची. एका वृद्ध साधकांना मोठ्या अभिमानानं आकडा सांगितला. ते म्हणाले, "आकडा राहू दे बाळा, रेचक कसा आला ते सांग." दुसऱ्या दिवशी बसलो तेव्हा लक्ष दिलं. खांदे कानाशी गेलेले, पोट आतून हिसके देत होतं, आणि सोडताना श्वास फुस्सकन सुटला, फुग्याची गाठ सुटावी तसा. घडा बद्द वाजला होता.

बुद्धांनीही बोधीपूर्वीच्या कठोर तपात श्वास कोंडून पाहिला होता. पाली सूत्रात त्याचं वर्णन आहे: कानांत वाऱ्याचा घोंगाट, डोक्यात असह्य कळा. तो मार्ग त्यांनी सोडला. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात आजही आनापान करताना श्वास रोखत नाहीत. तो जसा येतो तसा फक्त पाहतात.

आता शरीराचं थोडं समजून घेऊ, कारण इथे धरणकाठची मुलं बसली आहेत. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो प्रामुख्यानं ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणून मेंदू श्वास घ्यायला सांगतो. ही घुसमट आपली राखणदार आहे. भराभर दहा-वीस श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो, पण ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली घुसमट उशिरा जाणवते. तिच्या आधीच ऑक्सिजन संपतो आणि पोहणारा कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. उथळ पाण्यातही. म्हणून भस्त्रिका किंवा कपालभाती करून बुडी मारायची नाही, आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं याची पैज तर कधीच लावायची नाही. आयांनो, घरी गेल्यावर हे पुन्हा सांगा. उच्च रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी, तसंच गरोदर बायकांनी कुंभक करू नये.

योगाच्या क्रियांत शरीरात काय घडतं, हे आपल्याच माणसानं नळ्या आणि मापनयंत्रं लावून तपासलं. जगन्नाथ गणेश गुणे, पुढचे स्वामी कुवलयानंद, अमळनेरला शिक्षक होते. नर्मदाकाठच्या माधवदासजींकडे ते योग शिकले. पोटाचे स्नायू घुसळण्याची नौली ही क्रिया करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो, हे त्यांनी मोजून पाहिलं. 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. श्रद्धा असलेल्या माणसानं स्वतःची श्रद्धा अशी मोजायला काढावी, याचं मला फार मोल वाटतं.

मग करायचं काय? पाठ ताठ ठेवून बसा. चार मोजत श्वास घ्या, आठ मोजत सोडा. कोंडू नका. काही महिने एवढंच. रेचक शेवटपर्यंत तेलाच्या धारेसारखा एकसंध आला, तर पुढचं शिकवणाऱ्या जाणत्या माणसाकडे जा. हनुवटी छातीशी लावणारा जालंधर बंध तोच शिकवील, पुस्तकावरून करू नका.

तुमच्यातले जे टाळकरी आहेत, त्यांच्याकडून हा लांब रेचक नकळत होत आला आहे. गजरात एका दमात "विठ्ठल विठ्ठल" म्हणताना श्वास आपोआप लांबतो. पुढच्या वेळी गजर टिपेला जाऊन थांबेल, टाळांचा नाद अजून हवेत असेल, तेव्हा लक्ष द्या. सोडून झालेला असतो, घ्यायची घाई नसते. तिथे कोणीही काही रोखलेलं नसतं. मग कुणीतरी खोकतं, वीणेकरी सूर लावतो आणि श्वास पुन्हा आत येतो.